टॉकबॅक/व्हॉइसओव्हर लावून कॉल, व्हॉट्सॲप आणि व्हॉइस मेसेज: नेमकं कुठे अडतं आणि कसं सोडवायचं?

पायवाट

स्क्रीन रीडर (न पाहणाऱ्यांना स्क्रीनवरचं बोलून सांगणारी सोय: अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर) नव्याने शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी टिपणं तयार करते आहे. बोट उजवीकडे-डावीकडे सरकवून पुढच्या-मागच्या गोष्टीवर जाणं, दोनदा टॅप करून उघडणं, मागे येणं हे सगळं लवकर जमतं. रोजचं बोलणं आणि निरोप सुरू झाले की मात्र ठरावीक ठिकाणी अडतं:

१. फोन वाजतो तेव्हा रिंग इतकी मोठी असते की कोणाचा फोन आहे हे रीडर सांगतो ते ऐकूच येत नाही. उचलायला जावं तर भलतंच काही सुरू होतं. कॉलमध्ये "एक दाबा, दोन दाबा" आलं की कीपॅड सापडेपर्यंत समोरून फोन कट होतो. कधी स्क्रीन एकदम मुकी होते.

२. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करताना त्यात टॉकबॅकचाच आवाज येतो, किंवा वाक्य अर्धवट असतानाच मेसेज जातो.

३. मराठी मेसेज आला की रीडर गप्प बसतो, नाहीतर हिंदी धाटणीत वाचतो. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी तर समजतच नाही.

४. मेसेजमधली लिंक कशी उघडायची, फोन नंबर कसा घ्यायचा, फोटो आला तर काय करायचं?

बहुतेकांकडे अँड्रॉइड आहे, दोघांकडे आयफोन. "दुसरं ॲप वापरा" हे उत्तर चालणार नाही, कारण ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे व्हॉट्सॲपवरच आहेत. कृपया पायऱ्या आणि त्यामागचं कारण, दोन्ही सांगा. कारण कळलं की पुढच्या वेळी वेगळा फोन हातात आला तरी माणूस अडत नाही.

---

कानोसा

पायवाट, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं मूळ एकच आहे. डोळस माणसाला समोरच्याचं बोलणं कानाने मिळतं आणि बटणं डोळ्यांनी. रीडर वापरणाऱ्याला दोन्ही एकाच कानातून मिळवायचं असतं. म्हणून शिकवताना खुणांच्या, म्हणजे बोटांच्या ठरावीक हालचालींच्या, आधी आवाजाची व्यवस्था लावून द्या. मी फक्त कॉलबद्दल लिहितो.

अँड्रॉइड ८ पासून (२०१७) टॉकबॅकचा आवाज गाण्यांच्या आवाजापासून वेगळा ठेवता येतो. व्हॉल्यूमची बटणं तीच असली तरी कधी दाबली यावर परिणाम बदलतो. टॉकबॅक बोलत असतानाच दाबली तर टॉकबॅकचा आवाज बदलतो. तो गप्प असताना दाबली तर गाण्या-व्हिडिओंचा. कॉल चालू असताना दाबली तर कॉलचा. आणि रिंग वाजत असताना कुठलंही व्हॉल्यूम बटण एकदा दाबलं तर रिंग गप्प होते, कॉल कटत नाही. तुमचा पहिला अडथळा इथेच सुटतो: फोन वाजला की आधी व्हॉल्यूम बटण, मग नाव ऐका, मग ठरवा. एकच जपायचं, दोन्ही व्हॉल्यूम बटणं एकत्र धरून ठेवू नयेत. तो शॉर्टकट चालू असेल तर तीन सेकंदांत टॉकबॅकच बंद होतो. "कॉल आला आणि टॉकबॅक गेला" ही तक्रार बऱ्याचदा घाईत फोन मुठीत आवळल्यामुळे येते. उपाय तोच, पुन्हा दोन्ही बटणं तीन सेकंद धरायची.

नाव मोठ्याने सांगण्याची सोय फोन ॲपमध्येच असते. गूगलच्या फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये कॉल करणाऱ्याचं नाव जाहीर करण्याचा पर्याय आहे: नेहमी, फक्त हेडसेट असताना, किंवा कधीच नाही. सॅमसंगमध्ये तो कॉल उचलणे-संपवणे या भागात मिळतो. आयफोनवर फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अनाउन्स कॉल्स'.

उचलायला: दोन बोटांनी दोनदा टॅप, स्क्रीनवर कुठेही. हीच खूण कॉल संपवते. व्हॉइसओव्हरमध्ये ही पूर्वीपासून आहे. टॉकबॅकमध्ये एकापेक्षा जास्त बोटांच्या खुणांसाठी साधारण अँड्रॉइड ११ किंवा पुढचं लागतं. ती चुकते दोन कारणांनी. बोटं एकमेकांना चिकटलेली असली तर स्क्रीनला ते एकच बोट वाटतं, म्हणून मधे बोटभर जागा ठेवायला सांगा. दुसरं, दोन बोटं एकाच क्षणी टेकत नाहीत. टेबलावर ताल धरून सराव करून घ्या, पटकन बसतं.

"भलतंच काही सुरू होतं" याचंही कारण इथेच आहे. कॉल नसताना हीच खूण गाणं चालू-बंद करते. समोरच्याने आधीच फोन ठेवला असेल आणि तुम्ही 'संपवायला' दोन बोटांनी टॅप केलं, तर शेवटचं ऐकलेलं गाणं वाजू लागतं. पुन्हा तीच खूण केली की थांबतं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर माणूस दचकतो आणि ती खूण वापरणंच सोडून देतो.

कॉल संपवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे खरं, बोटाला लागणारं बटण. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटीत 'पॉवर बटणाने कॉल संपवा' हा पर्याय चालू करा. सॅमसंगमध्ये व्हॉल्यूम वाढवण्याच्या बटणाने कॉल उचलायचीही सोय आहे, हात थरथरणाऱ्यांसाठी ती फार चांगली; फक्त ती चालू असेल तर रिंग गप्प करायला व्हॉल्यूम कमी करण्याचंच बटण दाबा. आयफोनवर उलटी काळजी घ्यावी लागते: तिथे बाजूचं बटण दाबलं की कॉल कटतो, आणि नवखा माणूस स्क्रीन बंद करायला म्हणून तेच दाबतो. आयओएस (आयफोनची प्रणाली) १६ पासून ॲक्सेसिबिलिटी, मग टच या भागात हे थांबवण्याचा स्विच आहे.

आता मुकी स्क्रीन. कानाजवळच्या स्पीकरपाशी जवळीक ओळखणारा सेन्सर असतो. काही जवळ आलं की तो स्क्रीन बंद करतो, म्हणजे गालाने बटणं दाबली जाऊ नयेत. न पाहणारा माणूस फोन हातात धरून बटण शोधतो तेव्हा अंगठा किंवा तळवा नेमका वरच्या कडेवर येतो, सेन्सर झाकला जातो, स्क्रीन झोपते आणि वाटतं टॉकबॅक गेला. फोन कानापासून वीतभर लांब, वरची कड मोकळी, धरायचं खालच्या अर्ध्यात. एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं.

"एक दाबा, दोन दाबा" साठी क्रम असा ठेवा: कॉल लागला की लगेच, समोरून सूचना सुरू होण्याआधी, स्पीकर चालू करा आणि कीपॅड उघडून ठेवा. पर्याय ऐकताना बोट पाचावर टेकवून ठेवा, तिथून बाकीचे आकडे जागेवरून कळतात. आकडा मिळाला की दोनदा टॅप. व्हॉइसओव्हरमध्ये आणखी सोपं आहे: एक बोट आकड्यावर धरून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने कुठेही एकदा टॅप करायचं. आयफोनवर व्हॉइसओव्हरच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये कॉल चालू असताना स्पीकर आपोआप निवडण्याचा पर्यायही आहे. फोन कानापासून दूर नेला की आवाज स्पीकरवर येतो.

ज्या नंबरवर नेहमी तेच आकडे दाबावे लागतात तो संपर्कात विरामांसह जतन करा. नंबरनंतर स्वल्पविराम टाकला की फोन दोन सेकंद थांबतो आणि पुढचा आकडा स्वतः पाठवतो. थांबणं वाढवायचं तर दोन-तीन स्वल्पविराम द्या. अर्धविराम टाकला तर पुढचा आकडा पाठवण्याआधी फोन तुमच्या होकाराची वाट बघतो. डायलरच्या मेनूत हे दोन्ही 'विराम' आणि 'थांबा' अशा अर्थाच्या नावांनी सापडतात. पिन किंवा पासवर्ड मात्र असा कधीही जतन करू नका.

---

मुरकी

कानोसाच्या उत्तरात एक भर आणि एक मतभेद. स्पीकर चालू करणं घरात ठीक, पण खात्याचे आकडे चारचौघांत मोठ्याने ऐकवले जातात. शिकवताना पहिल्या दिवसापासून वायरचा, माइक असलेला इयरफोन एका कानात घालायला लावा, दुसरा कान मोकळा. वायरचाच म्हणतेय, कारण ब्लूटूथवर टाइप करताना अक्षर उमटणं आणि ऐकू येणं यात थोडी दरी पडते, आणि नवखा माणूस 'ऐकू आलं नाही' म्हणून तेच अक्षर पुन्हा दाबतो. शिवाय वायरवरचं बटण एकदा दाबून कॉल उचलता येतो आणि एकदा दाबून संपवता येतो. स्क्रीनला हात लावायलाच नको. फोनला गोल जॅक नसेल तर चार्जिंगच्या भोकात बसणारा इयरफोन घ्या.

आता व्हॉइस मेसेज. चॅट उघडली की मजकुराची चौकट तळाशी असते आणि माइकचं बटण तळाच्या उजव्या कोपऱ्यात. ते शोधायला सरकवत बसू नका. फोनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावरून बोट किंचित आत-वर न्या, मिळतं. चौकटीत एकही अक्षर लिहिलेलं असेल तर त्याच जागी माइकऐवजी पाठवण्याचं बटण असतं. "माइक गायब झाला" असं कोणी म्हणालं तर आधी चौकट रिकामी आहे का बघा.

रेकॉर्ड करायला दोनदा टॅप करून दुसऱ्या टॅपला बोट धरून ठेवायचं. तुम्ही बोट उचललंत की मेसेज जातो. अर्धवट मेसेज जाण्याचं कारण हेच: बोलता बोलता बोट हलकं होतं. म्हणून लॉक शिकवा. बोट धरलेलं असतानाच ते सरळ वर सरकवायचं, मग सोडायचं. दोनदा टॅप करून धरलं की टॉकबॅक पुढची हालचाल ॲपकडे जशीच्या तशी पोचू देतो, म्हणून हे सरकवणं चालतं. नुसतं एकदा टेकवून सरकवलं तर टॉकबॅक ती स्वतःची खूण समजतो. डावीकडे सरकवलं तर रेकॉर्डिंग रद्द होतं, म्हणून वर नेताना बोट तिरकं जाऊ देऊ नका. लॉक झालं की हात मोकळे. मग तळाशी काढून टाकणं, थांबवणं आणि पाठवणं अशी बटणं येतात. थांबवून स्वतःचं बोलणं आधी ऐकता येतं, मग तिथूनच पुढे बोलता येतं. ही सोय २०२२ पासून आहे आणि रीडर वापरणाऱ्यांना तिचा फायदा सर्वांत जास्त, कारण टॉकबॅकचा आवाज आत शिरलाय का ते पाठवण्याआधीच कळतं.

तो आवाज शिरतो कसा? बोट बटणावर टेकलं की टॉकबॅक बटणाचं नाव, मग "रेकॉर्ड करण्यासाठी दोनदा टॅप करून धरा" अशी सूचना बोलतो. तोवर रेकॉर्डिंग सुरू झालेलं असतं, आणि फोनच्या स्पीकरचा आवाज शेजारच्याच माइकमध्ये जातो. उपाय पसंतीच्या क्रमाने सांगते. इयरफोन लावा, प्रश्न मिटतो. इयरफोन नसेल तर टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये शब्दबहुलतेच्या म्हणजे व्हर्बॉसिटीच्या भागात जाऊन वापराच्या सूचना बंद करा, म्हणजे नुसतं बटणाचं नाव येऊन तो थांबतो. नाहीतर बटणावर बोट ठेवून सगळं बोलणं संपू द्या आणि मगच दोनदा टॅप करून धरा. घाई केली की अर्धं वाक्य आत जातं.

ब्लूटूथ हेडसेटच वापरायचा असेल तर रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर एक-दोन सेकंद थांबून बोला. गाणी ऐकण्याची जोडणी वेगळी आणि माइकसह बोलण्याची वेगळी. फोन पहिलीवरून दुसरीवर जाईपर्यंत पहिला शब्द गिळला जातो. त्या वेळी आवाज एकदम जाडाभरडा होतो तोही याच बदलामुळे. हेडसेट बिघडलेला नसतो.

आलेले व्हॉइस मेसेज ऐकताना: 'ऑडिओ डकिंग' नावाचा स्विच टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये आहे. तो चालू ठेवला की टॉकबॅक बोलतो तेवढा वेळ बाकीचा आवाज खाली येतो. मेसेज सुरू केल्यावर दोन बोटांनी एकदा टॅप केलं की टॉकबॅकचं चालू बोलणं थांबतं आणि मेसेज स्वच्छ ऐकू येतो. मागे-पुढे जायला मेसेजमधल्या सरकपट्टीवर थांबून टॉकबॅकमध्ये व्हॉल्यूमची बटणं, व्हॉइसओव्हरमध्ये एका बोटाने वर-खाली. वेग वाढवायचं बटण मेसेज सुरू असतानाच दिसतं: एक, दीड आणि दोन पट. रीडर वेगाने ऐकायची सवय झालेल्यांना दीडपट सहज जमतो.

---

ठिपके_सहा

तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण यात अपमान होतो असं मला वाटतं. स्वतःच्या भाषेतला निरोप आपल्याच फोनने न वाचणं ही छोटी गोष्ट नाही, आणि बहुतेक वेळा ती पाच मिनिटांत दुरुस्त होते.

रीडर आणि वाचणारा आवाज हे दोन वेगळे भाग आहेत. टॉकबॅक ठरवतो काय वाचायचं, आणि उच्चार करतं ते इंजिन, म्हणजे मजकुराचा आवाज करणारं वेगळं ॲप, उदाहरणार्थ गूगलचं. इंजिनाला इंग्रजी आवाज लावलेला असेल तर देवनागरी मजकूर तो गिळून टाकतो. म्हणून 'टॉकबॅक बिघडला' असं वाटलं की आधी हे तपासा: सेटिंग्जमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच असं शोधा, इंजिनाच्या पुढच्या गिअरच्या चिन्हातून आवाजाचा डेटा उघडा, मराठी निवडा आणि आवाज उतरवून घ्या. न उतरवता ठेवला तर इंटरनेट नसताना पुन्हा मुका होतो. ईस्पीक हे दुसरं इंजिनही मराठी वाचतं. त्याचा आवाज यांत्रिक आहे, पण तो हलका आहे, चटकन प्रतिसाद देतो आणि खूप वेग वाढवला तरी अक्षरं फुटत नाहीत. आयफोनवर व्हॉइसओव्हरला मराठी आवाज आयओएस १६ मध्ये, म्हणजे २०२२ साली मिळाला. त्याआधीच्या आयओएसवर देवनागरीसाठी हिंदी आवाजावरच भागवावं लागतं.

हिंदी धाटणीचं कारण सरळ आहे. दोन्ही भाषांची लिपी एकच, म्हणून नुसत्या अक्षरांवरून ही हिंदी की मराठी हे रीडरला ठरवता येत नाही. फोनमध्ये ज्या देवनागरी भाषेला पहिला मान दिलाय त्या आवाजात तो वाचतो. फोनच्या भाषांच्या यादीत मराठी वर आणा. आयफोनवर व्हॉइसओव्हर, मग स्पीच या भागात मराठी रोटर भाषा म्हणून जोडा (रोटर म्हणजे बोटं फिरवून पर्याय निवडायची व्हॉइसओव्हरची चकती). मग दोन बोटं स्क्रीनवर फिरवून रोटर 'भाषा' वर आणायचा आणि एका बोटाने वर-खाली करून आवाज बदलायचा. टॉकबॅकमध्ये तीन बोटांनी डावीकडे-उजवीकडे सरकवून वाचनाचे पर्याय बदलतात. त्यात 'बोलण्याची भाषा' आली की एका बोटाने वर-खाली. तीन बोटांची खूण न चालणाऱ्या जुन्या फोनवर एका बोटाने वर-मग-खाली असा झटका देऊन तेच पर्याय फिरतात. हा पर्याय दिसत नसेल तर टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये वाचनाच्या पर्यायांच्या यादीत त्यावर खूण करून घ्या.

रोमन अक्षरांतली मराठी ही मात्र खरी अडचण आहे. "udya yeto" हे इंग्रजी आवाज इंग्रजी शब्द समजूनच वाचणार, आणि मराठी आवाजही बऱ्याचदा तसंच करतो. अक्षर-अक्षर वाचून अर्थ लागतो पण फार वेळ जातो. खरा उपाय पाठवणाऱ्याच्या हातात आहे. त्याला जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्ड ॲपमध्ये) मराठीचा रोमन-ते-देवनागरी कीबोर्ड जोडून द्या. तो पूर्वीसारखंच टाइप करेल, उमटेल देवनागरी. एवढी विनंती करायला संकोचू नये.

आपण लिहिताना: टॉकबॅकमध्ये टाइप करण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत अक्षर शोधून दोनदा टॅप, दुसरीत अक्षरावर बोट आणून उचललं की ते उमटतं. दुसरी लवकर होते, पण बोट नको तिथे उचललं गेलं तर चुकीचं अक्षर जातं. सुरुवातीला पहिली, बोट स्थिर झालं की दुसरी. बोलून लिहायचं असेल तर कीबोर्डवरचं माइकचं बटण. आयफोनवर मजकुराच्या चौकटीत दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की श्रुतलेखन सुरू होतं आणि तसंच थांबतं. बोलून लिहिलेला मेसेज पाठवण्याआधी शब्दाशब्दाने एकदा ऐकाच. नावं आणि आकडे हमखास चुकतात, आणि "आहे"चं "नाही" झालं तर अर्थच उलटतो.

---

पायवाट

तिघांचेही मनापासून आभार, पहिली तीन टिपणं जवळजवळ तयार झाली. वायरच्या इयरफोनचं तर लगेच अमलात आणते. चौथ्या प्रश्नाबद्दल कोणी सांगेल का? एक भर: मेसेजला उत्तर द्यायचं तर डोळस लोक मेसेज बोटाने बाजूला ओढतात, ते इथे होत नाही.

---

कानोसा

ओढणं होत नाही, कारण एका बोटाने आडवं सरकवलं की रीडर पुढच्या मेसेजवर जातो. ती खूण त्याने आधीच घेतलेली आहे. मेसेजवर थांबा, दोनदा टॅप करून धरा. मेसेज निवडला जातो आणि स्क्रीनच्या वरच्या कडेला उत्तर द्या, तारांकित करा, काढून टाका, पुढे पाठवा अशी बटणं येतात. निवडल्याबरोबर मेसेजजवळ भावचिन्हांची ओळही उघडते आणि फोकस, म्हणजे रीडर जिथे थांबलेला असतो ती जागा, कधी कधी तिच्यात अडकतो. तिथे सरकवत बसू नका, बोट थेट वरच्या कडेवर न्या. कामात गोंधळ झाला तर मागे जाण्याची खूण एकदा करा: टॉकबॅकमध्ये खाली-मग-डावीकडे, व्हॉइसओव्हरमध्ये दोन बोटांनी झेडसारखी रेघ. निवड सुटते, चॅट तशीच राहते. आयफोनवर मेसेजवर थांबून रोटर 'कृती' वर आणला की वर-खाली सरकवून करता येण्याजोगं काय काय आहे ते ऐकू येतं.

लिंक असलेल्या मेसेजवर थांबा आणि टॉकबॅक मेनू उघडा: तीन बोटांनी एकदा टॅप, किंवा खाली-मग-उजवीकडे. त्यात 'लिंक' असा पर्याय येतो आणि मेसेजमधल्या सगळ्या लिंकची यादी मिळते. नुसतं मेसेजवर दोनदा टॅप करत राहिल्याने एकापेक्षा जास्त लिंक असतील तर हवी ती उघडेल याची खात्री नसते. उघडण्याआधी पत्ता अक्षराअक्षराने ऐका. ओळखीच्या नावात एक अक्षर बदललेलं असतं ते पूर्ण शब्दाच्या उच्चारात लक्षात येत नाही, आणि फसवणारे नेमकं यावरच अवलंबून असतात.

नंबर घ्यायचा तर वाचनाचा पर्याय 'अक्षरं' वर आणून आकडा-आकडा ऐका. किंवा मेनूतला 'शेवटचं बोललेलं कॉपी करा' वापरा. टॉकबॅक जे शेवटचं बोलला ते जसंच्या तसं कॉपी होतं, मग डायलरमध्ये चिकटवून पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ पुसून टाकायची.

---

ठिपके_सहा

फोटोबद्दल. नव्या टॉकबॅकच्या मेनूत चित्राचं वर्णन करण्याचा पर्याय आहे. फोटो पूर्ण उघडून त्यावर थांबून वापरा. व्हॉइसओव्हरमध्ये आयओएस १४ पासून 'रेकग्निशन' या भागात चित्रवर्णन आणि चित्रातला मजकूर ओळखण्याचे स्विच आहेत. जास्त तपशील हवा असेल तर फोटोवरून 'शेअर' निवडून सीइंग एआय किंवा बी माय आइज या ॲपकडे पाठवा. सीइंग एआय २०१७ साली फक्त आयफोनसाठी आलं, २०२३ च्या अखेरीपासून अँड्रॉइडवरही मिळतं. मजकुराचा फोटो असेल, म्हणजे पत्र, सूचना, वेळापत्रक, तर वर्णनापेक्षा मजकूर वाचण्याचा पर्याय निवडा. वर्णन "कागदावर काही लिहिलेलं आहे" एवढ्यावरच थांबू शकतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. यंत्राचं वर्णन आत्मविश्वासाने चुकीचंही असतं, म्हणून औषधाचं नाव किंवा रक्कम फोटोवरून ठरवू नये, पाठवणाऱ्याला विचारावं. आणि वर्णन करणारी बरीच ॲप फोटो बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात. ओळखपत्रं आणि दुसऱ्यांचे खासगी फोटो तिकडे देऊ नका.

ग्रुपमधल्या डोळस मंडळींना पाठवायला चार ओळी देतो, हव्या तशा वापरा. फोटोसोबत एक वाक्य लिहा. 'एकदाच पाहा' असा फोटो आम्हाला पाठवू नका, कारण तो ना पुढे पाठवता येतो ना स्क्रीनशॉट घेता येतो, म्हणजे वर्णन करून घेण्याची वाटच बंद. सूचनेचा फोटो काढण्याऐवजी मजकूर चिकटवा. भावचिन्हं वाक्याच्या शेवटी द्या, मधे नको, कारण प्रत्येकाचं नाव वाचलं जातं आणि वाक्य तुटतं. याच कारणाने संपर्कांच्या नावांतली चिन्हंही काढून टाका. फोन आल्यावर आधी "लाल हृदय, गुलाब" ऐकावं लागतं आणि नाव येईपर्यंत रिंग थांबते.

---

मुरकी

व्हिडिओ कॉलबद्दल कोणी विचारलं नाही, पण टिपणांत घालाच. पहिलं, व्हॉट्सॲपसारख्या ॲपच्या कॉलमध्ये दोन बोटांच्या खुणेवर विसंबू नका. ती साध्या कॉलसाठी पक्की आहे. ॲपमध्ये स्क्रीनवरचं उचलण्याचं आणि संपवण्याचं बटण कुठे असतं ते जागेवरून ओळखायला शिकवा. व्हिडिओ कॉलमध्ये बटणं काही सेकंदांनी नाहीशी होतात. स्क्रीनच्या मधोमध दोनदा टॅप केलं की परत येतात.

दुसरं, बटणांची नावं नीट ऐका. काही ॲपमध्ये "म्यूट, बटण" याचा अर्थ 'दाबलं तर म्यूट होईल', म्हणजे आत्ता तुमचा आवाज जातो आहे. काहींत "म्यूट, चालू" म्हणजे आत्ता आवाज बंद आहे. कॅमेऱ्याचंही तेच. ज्या ॲपवर बोलणार त्यात आधी एका विश्वासू माणसाशी कॉल लावून दोन्ही बटणं एकदा चालू, एकदा बंद करून प्रत्येक वेळी रीडर काय म्हणतो ते ऐका आणि समोरच्याकडून खात्री करून घ्या. कॅमेरा बंद आहे असं समजून कोणी घरात वावरत राहू नये.

तिसरं, स्क्रीन झाकणं. शेजारचा माणूस तुमचे मेसेज वाचू शकतो हे न पाहणाऱ्याला कळत नाही. व्हॉइसओव्हरमध्ये तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की स्क्रीन काळी होते आणि फोन चालूच राहतो. आयफोनची स्क्रीन मोठी करून दाखवणारी 'झूम' सोय चालू असेल तर चारदा. टॉकबॅकमध्ये हाच पर्याय मेनूत 'स्क्रीन लपवा' म्हणून असतो. लॉक स्क्रीनवरचा मेसेजचा मजकूरही सेटिंग्जमधून लपवून ठेवा, नाहीतर फोन टेबलावर असताना रीडर तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू शकतो. फक्त मराठी आवाज बसवल्यावर हे करा. आधी मेसेज नीट ऐकू येऊ देत, मग तो इतरांपासून झाकू.